दोन नंबरच्या मशीनवरचा निरोप

पत्रक कसं लिहायचं ते मला कामगार संघटनेने शिकवलं. पहिल्या ओळीला वाचणारा थांबला पाहिजे, दुसऱ्या ओळीत दोषी कोण ते आलं पाहिजे, शेवटी मागणी. ती सवय जात नाही, म्हणून इथेही तसंच लिहिते. एका खलाशाने बायकोसाठी ठेवलेला निरोप मी पुसला. दोषी मी. मागणी काही नाही.

आमच्या तलासरी-डहाणूच्या डोंगरपट्ट्यातले पुरुष पाऊस ओसरला की सौराष्ट्रातल्या बंदरांकडे जातात, मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून. येतात ते उन्हाळा संपता संपता. मधले महिने समुद्र. बोट बर्फ आणि डिझेल घ्यायला बंदराला लागते तेवढाच काय तो जमिनीचा संबंध. मोबाईल बऱ्याचदा मुकादम स्वतःजवळ ठेवतो, का तर माणूस पळून जाईल म्हणे. माणूस म्हणजे काय बैल आहे का, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं आणि भाऊंनी ते वाक्य ठळक छापायला सांगितलं होतं. भाऊ म्हणजे आमच्या संघटनेचे प्रमुख. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो.

इकडे पाड्यांवर रेंज नाही. मग नवरा बंदराला लागला तरी बायकोशी बोलणार कसा? म्हणून आम्ही निरोपाची लाईन काढली. खलाशाने कुणाच्याही फोनवरून नंबर फिरवायचा, आपल्या घराचा चार आकडी क्रमांक दाबायचा, मग एक दाबून बोलायचं. बोलून झालं की आमच्या बोलीत एक बाई सांगते, तुमचा निरोप ठेवला आहे. ती बाई म्हणजे मी. माझ्याच आवाजात ते वाक्य भरलं होतं. इकडे घरची माणसं बाजाराच्या दिवशी कासा गावात आमच्या टेबलावर येऊन स्पीकरवर तो निरोप ऐकणार आणि उलटा निरोप बोलून ठेवणार. खलाशी पुढच्या वेळी बंदराला आला की तो ऐकणार. बस, एवढंच. पण या एवढ्यासाठी बाया दोन-दोन डोंगर उतरून, जीपच्या मागच्या पायरीवर उभ्या राहून यायच्या.

निरोप ठेवायला तीन मशिनी होत्या, डहाणूला, स्टेशनपासून जरा आत एका जुन्या गोदामात. तिथे पूर्वी चिकूची खोकी भरत, त्यामुळे एसी लावला तरी खोलीला पिकल्या चिकूचा वास यायचा. मशिनी कुणीतरी जुन्या झाल्या म्हणून दिलेल्या. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, म्हणून त्या माझ्या गळ्यात पडल्या. आणि सोबत काका. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले, डहाणूचे, घरात गुजराती बोलणारे. मला दीकरी म्हणायचे, म्हणजे लेक. चहा बशीत ओतून प्यायचे आणि मशीनला हात लावायच्या आधी हात धुवायचे.

तिन्ही मशिनी एकच काम करायच्या. एकीवर आलेला निरोप लगेच बाकीच्या दोघींवर उतरायचा, म्हणजे एक पडली तरी काही हरवत नाही. याला क्लस्टर म्हणतात. मी पाड्यावर समजावताना सांगायचे की तीन जावा एका घरात आहेत, एक माहेरी गेली तरी चूल पेटते. बाया हसायच्या. एक जण म्हणाली होती, तीन जावा एकत्र नांदतात असं घर दाखव आधी.

त्या वर्षी मशिनींच्या मूळ प्रोग्रॅममध्ये एक भोक निघालं. त्यातून कुणीही बाहेरचा आत शिरून लोकांचे निरोप ऐकू शकला असता. ते बुजवायला कंपनीने पॅच काढला होता. तो लावणं भाग होतं, त्यात वाद नव्हता. वाद होता कसा लावायचा यावर.

काकांचं म्हणणं सरळ होतं. अर्धा तास लाईन बंद ठेवायची, फोन करणाऱ्याला टेप ऐकवायची की काम चालू आहे, थोड्या वेळाने करा, आणि शांतपणे तिन्ही मशिनींचं काम उरकायचं. एक्स्चेंजमध्ये ते असंच करत. मी ऐकलं नाही. ऐकणार कशी, आदल्याच महिन्यात मी पत्रक काढलं होतं. मालक तुमचा फोन बंद करतो, आपली लाईन कधीच बंद नसते. तलासरीच्या ऑफिसबाहेर हेच वाक्य भिंतीवर रंगवलेलं होतं, हातभर अक्षरात. मी काकांना म्हटलं की बंद ठेवणं हे त्यांचं काम, सरकारचं, मालकांचं. आपण एक मिनिटही बंद ठेवणार नाही. एकेक मशीन बाजूला काढू, पॅच लावू, परत आत घेऊ. दोन चालू राहतील. जगभर असंच करतात.

ते खरंच आहे. जगभर असंच करतात आणि पद्धतीत खोट काही नाही. खोट माझ्यात होती.

वेळ ठरवायला मी फोन कधी किती येतात त्याचा आलेख वगैरे पाहिला नाही. आमच्यात असं काही ठरवायचं असलं की जाणत्या माणसाला विचारतात. मी गुडघ्यामुळे घरी परतलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला विचारलं. त्याने बोटांवर तिथी मोजल्या आणि सांगितलं की या आठवड्यात बोटी लांब असतील, बंदराला कुणी नसेल. फोन येणार नाहीत. मला पटलं. मंगळवारची दुपार ठरली.

कामाची यादी मी वहीत लिहिली होती. सात गोष्टी, प्रत्येकीपुढे चौकट. इथे एक सांगायला हवं. मोर्च्याच्या तयारीची यादी मी करते तेव्हा खुणा आधीच करून टाकते. टेम्पोवाला निघालो म्हणाला की टेम्पो आला अशी खूण. पाणी भरतोय म्हणाले की पाणी भरलं. सगळेच असं करतात. नाही केलं तर मोर्चा निघणारच नाही. लोक येणार, सगळं होणार, हे धरून चालण्यावरच आमचं सगळं काम उभं आहे. त्या दिवशीही सकाळीच चहा पिता पिता मी सातही चौकटींत खुणा करून ठेवल्या होत्या.

एक नंबरची मशीन काढली, पॅच लावला, रीस्टार्ट केली, आली. अगदी झकास. आणि तेवढ्यात फोन सुरू झाले. एक, मग दोन, मग एकामागून एक. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला वारा उठला होता आणि बोटी चार दिवस आधीच बंदराला परतल्या होत्या. म्हाताऱ्याने तिथी बरोबर मोजल्या होत्या. वाऱ्याचं त्याला कोण सांगणार?

काका म्हणाले, "दीकरी, आता थांब. बंद आहे म्हण. बंद म्हणायला लाज कसली?"

मी चिडले. म्हटलं, काका, आत्ताच तर माणसं फोन करतायत, आत्ताच बंद करू? काका बशी उचलून बाहेर गेले.

यादीतली तिसरी चौकट अशी होती: एक नंबर परत आली की कॉपीचं काम हाताने सुरू करणे, आणि दोन नंबरवरचे नवे निरोप बाकीच्या दोघींवर उतरलेत का ते पाहणे. मशीन बाजूला काढताना कॉपी थांबवावी लागते, म्हणून. मी वहीत पाहिलं. खूण होती. मी पुढे गेले.

दोन नंबर काढली, पॅच लावला, रीस्टार्ट केली. ती उठली नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, लुकलुकतेय नुसती. दहा मिनिटं मी खटपट केली. बाहेर फोन वाजत होते, सगळा भार दोघींवर. मग मी जे करतात तेच केलं. दोन नंबर पूर्ण पुसली आणि तीन नंबरवरून नव्याने उभी केली. तिन्ही सारख्याच आहेत, मग एकीवर जीव कशाला लावायचा? तासाभरात तिन्हींचे दिवे हिरवे. लाईन एक क्षणही बंद पडली नव्हती. मी भाऊंना मेसेज टाकला, शून्य मिनिटं. त्यांनी उगारलेल्या मुठीचं चित्र पाठवलं. मी काकांसाठी भजी आणली. त्यांनी खाल्ली.

कॉपी बंद होती तेवढ्या वेळात दोन नंबरने घेतलेले निरोप फक्त तिच्यावरच होते. ते गेले. कुणाला कळलंही नाही, कारण वाऱ्यामुळे बोटी दोन दिवस बंदरातच राहिल्या आणि बहुतेक जणांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केले. एकाने केला नाही. तो एका फेरीला एकच निरोप ठेवणारा माणूस होता. आणि मी त्याला माझ्या आवाजात सांगितलं होतं की ठेवला आहे. मग परत का करेल?

त्याची बायको विवळवेढ्याच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या उतारावरच्या पाड्यावर राहते. मी तिला वहिनी म्हणते. त्या आठवड्यात ती कासाला टेबलावर आली. तिच्या पाड्यातल्या आणखी दोघींचे नवरे त्याच बोटीवर होते. दोघींचे निरोप होते, वारा किती होता, बर्फ कसा वितळला, बोटीवर कोण उलट्या करत होता. तिचा नव्हता. मी पुन्हा क्रमांक दाबला. नव्हता. बरोबरच्या एकीने थट्टा केली, काठेवाडी बाई भेटली असेल ग, ती काय बोलू देते. सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. पण थट्टा पाड्यावर पोहोचली आणि तिथे ती थट्टा राहिली नाही. सासूने तिलाच दोष दिला, तूच काहीतरी लागट बोलली असशील मागच्या निरोपात. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. निरोप नव्हता. मी विचारलं, वहिनी, तुम्ही ठेवता का उलटा निरोप?

"त्याला नको तर मला पण नको," ती म्हणाली आणि सुक्या मासळीवाल्यांच्या रांगेकडे निघून गेली.

मी तिला थांबवलं नाही. घरातली भांडणं ही लाईनची जबाबदारी नाही असं माझं मत होतं. मतं माझ्याकडे भरपूर होती.

त्यानंतरच्या फेरीत जाळं ओढताना दोर तुटला आणि त्याच्या डोक्याला लागला. बंदराला पोहोचेपर्यंत तो गेला होता. टेम्पोतून त्याला चारोटीपर्यंत आणला, पुढे पाड्यावर खांद्यावर. मी गेले होते. वहिनी रडत नव्हती. ती सारखी एकच सांगत होती की आमचं बोलणं नव्हतं, आमचं बोलणं नव्हतं.

मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. मी लिहिलेल्यांतलं ते सगळ्यात चांगलं पत्रक असं सगळे म्हणाले. त्यात बोटीवर साधं हेल्मेट नव्हतं हे होतं, ते खरं होतं. आणि पुढे हे होतं: मालकाने त्याला शेवटचे दीड महिने बायकोशी बोलूही दिलं नाही. कुणी विचारलं नाही की तुला कसं माहीत. मलाही वाटलं नाही की विचारावं. निरोप नव्हता, म्हणजे बोलू दिलं नाही. दुसरं काय असणार? कासाला, तलासरीला, बोर्डीच्या बसस्टँडवरही ते वाटलं गेलं. वहिनीला वाचता येत नाही. कुणीतरी तिला वाचून दाखवलं. तिने त्याची घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवली. सासूचं तोंड बंद झालं. पाड्यावर आता सगळे म्हणायला लागले की त्याला बोलायचं होतं, मालकाने बोलू दिलं नाही. माझ्या पत्रकाने तिला तिचा नवरा परत दिला, असं मला वाटत होतं. हे मी अभिमानाने सांगत फिरत होते.

मग कामगार ऑफिसात त्याच्या मृत्यूची सुनावणी लागली. पुरावा हवा होता. मला सुचलं की फोन कंपनीच्या तारेला जोडलेल्या छोट्या डब्यात प्रत्येक येणाऱ्या फोनची आणि त्यावर दाबलेल्या आकड्यांची नोंद राहते. ती काढली तर दीड महिन्यात त्याचा एकही फोन नाही हे सिद्धच होईल. काकांना म्हटलं, काढून द्या. त्यांनी काढलं, कागद वाचला, चष्मा पुसला, आणि मला देण्याआधी दार लावून घेतलं.

दोन फोन होते. पहिला त्या मंगळवारी दुपारी. तिच्या घराचा क्रमांक, एक मिनिट बावन्न सेकंद. दुसरा पंधरा दिवसांनी, वीस सेकंदांचा. वीस सेकंदांत काय होतं ते मला पाठ आहे. क्रमांक दाबायचा, मग माझा आवाज सांगतो की तुमच्यासाठी निरोप नाही, मग बोलण्यासाठी एक दाबा. त्याने एक दाबला नव्हता.

 मी वही काढली. तिसरी चौकट. निळ्या पेनाची खूण, ठसठशीत.

भाऊंना सांगितलं. भाऊ वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायलाच हवं, कारण राग येतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं. मग म्हणाले, "आधी सुनावणी होऊ दे, मग सांग." मालकाचा वकील हे वापरेल, हेल्मेटचा मुद्दा मागे पडेल, आणि त्या बाईलाही आत्ता सांगून काय मिळणार, उलट जे आहे तेही जाईल. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. मी हेच मुद्दे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले असते तर त्याच्यावर पत्रक काढलं असतं. सरकारी साहेब असंच बोलतात. कंपन्या असंच बोलतात. चूक झाली, पण आत्ता सांगणं जनतेच्या हिताचं नाही.

तरी मी आठ दिवस गप्प राहिले. तेही लिहून ठेवते.

नवव्या दिवशी सकाळच्या जीपने निघाले. पाड्यावर पोहोचले तेव्हा वहिनी अंगणात नाचणी पाखडत होती. सासू रानात गेली होती. मला पाहून तिला वाटलं सुनावणीचं काही आहे, तिने सूप बाजूला ठेवलं. मी बसले आणि सांगितलं. मशिनी, पॅच, वारा, वही, सगळं. जावांची गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच थांबले. मग सरळ म्हटलं, "त्याने फोन केला होता वहिनी. निरोप ठेवला होता. माझ्या हातून पुसला गेला."

तिने नाचणीतला एक खडा वेचून टाकला. मग तिने विचारलं, "तुझ्या कागदात आहे ते खोटं मग? मालकाने बोलू नाही दिलं ते?"

हो म्हटलं.

"परत केला होता?"

मी दुसऱ्या फोनचं सांगितलं. न सांगता आलं असतं. तिने तो हिशेब माझ्यापेक्षा लवकर लावला. म्हणाली, तेव्हा माझा निरोप नव्हता.  ती उठली, घरात गेली. मला वाटलं पत्रक आणून माझ्यापुढे फाडेल. ते मला बरं वाटलं असतं. ती तांब्याभर पाणी घेऊन आली, माझ्यासाठी.

काय बोलला असेल, असं तिने विचारलं. मी म्हटलं ते आता कुणालाच कळणार नाही. कुठूनच काढता येणार नाही. मी इंटरनेटवर जगभरच्या लोकांना विचारून पाहिलंय. तिने मान हलवली. मग म्हणाली, किती बोलला ते तरी कळलं का? मी आकडा सांगितला. तो आकडा तिच्या काही उपयोगाचा नव्हता.

"बाय, तेवढा वेळ म्हणजे किती, ते दाखव मला," ती म्हणाली.

मी मोबाईल काढला, घड्याळ लावलं आणि आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. ती सेकंदांकडे पाहत नव्हती. डोळे मिटून बसली होती. कोंबडी सुपात शिरली, नाचणी टिपायला लागली, तिने हाकलली नाही. खालून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. एक मिनिट झालं तेव्हा मला वाटलं होतं की संपलं. संपलं नव्हतं. तिचे ओठ मधूनच हलत होते, ती काही म्हणत होती की ऐकत होती ते मला कळलं नाही. एवढ्या वेळात किती बोलता येतं, हे इतकी वर्षं लाईन चालवून मला ठाऊक नव्हतं. घर, बकऱ्या, आई, पाऊस, सगळ्यांची चौकशी होऊन वर वेळ उरतो.

मी सांगितलं, झालं.

तिने डोळे उघडले. "लय बोलला," ती म्हणाली. "घरात असतानापण एवढा नाही बोलायचा."

मग तिने कोंबडीला हाकललं आणि सूप पुन्हा हातात घेतलं. मी निघताना तिने फक्त एवढं सांगितलं की सासूला यातलं तीच सांगेल, मी सांगू नये.